मदत हवी आहे: झाडावर बसणाऱ्या गावठी कोंबड्या एकेक करून जातायत

गडग्यापलीकडे
आमच्या घरच्या कोंबड्या तिन्हीसांजेला झाडावर चढतात, खुराड्यात जात नाहीत. १६ होत्या, ९ दिवसांत ५ गेल्या. आई गावी एकटी, मी मुंबईत. शनिवारी रात्री निघतोय. येताना जाळी आणू की सापळा, एवढंच सांगा. लवकर सांगा, बहुतेक दिवसाआड एक जातेय.

सड्यावरचा
गाव कुठलं? दिवसा जातात की रात्री? झाडाखाली काय सापडतं? मुंगूस दिवसाचं जनावर, अजगर मागे पीससुद्धा ठेवत नाही, मांजरवर्गातलं काही असेल तर पिसांचा सडा पडतो. हे कळल्याशिवाय जाळी सांगून उपयोग नाही.

अंडीवाला
मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस दिली आहे का? पिल्लं आठवड्याची झाली की त्या लसीचा, लासोटाचा, थेंब डोळ्यात किंवा नाकात सोडायचा. लस थंड ठेवायची, फोडली की लगेच संपवायची. आमच्या वाडीत एका पावसाळ्यात घरंच्या घरं रिकामी झाली होती, म्हणून कळकळीने सांगतोय.

गडग्यापलीकडे
कोंबड्या आजारी नाहीत हो, कोणीतरी खातंय. देवगड तालुका. रात्रीच जातात. आईला पहाटे तीनच्या सुमारास फडफड ऐकू येते, ती बॅटरी घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं शांत. खाली पिसांचा पुंजका असतो. एकीचं नुसतं धड मिळालं, डोकं नव्हतं.

पोफळीची_राई
बिबट्या. आमच्याकडे पडवीतून कोंबड्या नेल्या त्याने. एक चांगला कुत्रा पाळा, रात्री सोडून ठेवा.

सड्यावरचा
बिबट्या असेल तर आधी कुत्राच जाईल, हा सल्ला नका देऊ. शिवाय बिबट्या कोंबडीचं धड ठेवून जाईल असं वाटत नाही. झाड कुठलं आहे?

गडग्यापलीकडे
फणस. झाडाचा काय संबंध?

माडाखालची
फारच संबंध आहे! फणस पिकलेत का सध्या? आणि एखादी फांदी छपराला टेकते का?

गडग्यापलीकडे
पिकलेत, वरचे तर कोणी काढतच नाही, झाडावरच फुटतात. एक फांदी गोठ्याच्या कौलांवर आलीय. कोंबड्या तिथूनच वर जातात.

माडाखालची
मग कांडेचोर, म्हणजे उदमांजर. पिकल्या फणसाच्या वासाने येतं आणि शेजारीच कोंबड्या बसलेल्या. रात्री कोंबडीला नीट दिसत नाही, ती जागची हलतसुद्धा नाही. माझ्याकडे अगदी असंच झालं होतं, पहिल्या दोन गेल्यावर मी रात्रभर ओट्यावर बसले तेव्हा ते कौलांवरून चालताना दिसलं.

आधी पिके फणस उतरवा, खाली पडलेले गरे उचला. गोठ्यावरची फांदी कापा. मग बुंध्याला छातीएवढ्या उंचीवर दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा, उंदरांसाठी माडाला बांधतात तसा. खिळे मारू नका, तारेने आवळा. पत्र्यावर नखं धरत नाहीत. शेजारच्या झाडाची फांदी फणसाला टेकत असेल तर मात्र पत्रा असून नसल्यासारखा.

पोफळीची_राई
एवढा खटाटोप कशाला, फास लावा.

सड्यावरचा
अजिबात नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उदमांजराला संरक्षण आहे, गुन्हा दाखल होईल. शिवाय फासात घरचं मांजर अडकतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बिबट्याची खरंच शंका असेल तर वनविभागाला १९२६ वर कळवा.

पण मूळ प्रश्न राहिलाच. खुराडं आहे म्हणता, मग कोंबड्या आत का नाहीत?

गडग्यापलीकडे
ते लिहायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी खुराड्यात काहीतरी शिरलं आणि एका रात्रीत ९ मारल्या. खाल्ली एकच. तेव्हापासून आई दार लावतच नाही. मी म्हटलं की एकच उत्तर, "तेंका कोंडून मारूचा आसा काय?"

आंब्याचा_बाठा
आईंचं बरोबर आहे. आमच्या आजीच्या कोंबड्या कायम आंब्यावर बसायच्या. झाडावर निदान उडून जाता येतं. मोकळ्या कोंबडीला मोकळीच ठेवावी.

माडाखालची
काळोखात कोंबडी उडाली तरी जाईल कुठे? खाली पडते आणि तिथेच धरली जाते. आजीच्या किती जायच्या ते कोणी मोजत होतं का? दोष कोंडण्याचा नाही, खुराड्याचा आहे. गडग्यापलीकडे, ते शिरलं कुठून?

गडग्यापलीकडे
आईला आत्ता फोन केला. भिंत चिऱ्याची, खाली कोबा आहे. एक कौल सरकलेलं होतं म्हणाली.

माडाखालची
मिळालं उत्तर. कौल उचलणं उदमांजराला अवघड नाही. मुंबईहून काही ओझं आणू नका, देवगडला हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश जाळी घ्या. पातळ षटकोनी जाळी नको, ती दातांनी तुटते आणि पंजा आत जातो. कौलांखाली पूर्ण ठोका, दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या लावा. आत बसायला हातभर उंचीवर आडवी काठी हवी, कोंबडीला उंचावरच झोप लागते.

मग अंधार पडल्यावर बॅटरी खाली धरून एकेक उतरवा आणि आत ठेवा. त्या वेळी मुकाट हातात येतात. आठ-दहा दिवस दार उघडू नका, दाणापाणी आतच. नंतर रोज संध्याकाळी मूठभर तांदूळ खुराड्यातच टाका. फांदी कापलेली असेल तर गोठ्यावरून वर जायची वाटही राहत नाही.

अंडीवाला
कोंडून ठेवाल त्याच दिवसांत लस उरकून घ्या, नंतर हाती लागणार नाहीत.

गडग्यापलीकडे
सोमवार रात्र. फांदी कापली, जाळी मारली, फणस उतरवले. आई आधी बोलेना. मी वाकून आत गेलो आणि जाळीला लोंबकळून दाखवलं तेव्हा स्वतः काठी बसवायला आली. काळोखात ९ उतरवल्या, तिने एकेकीला नावाने हाक मारत आत घेतलं. २ अगदी शेंड्याला आहेत, शिडी पोचत नाही. पत्रा बांधलाय. आई बॅटरी घेऊन ओट्यावर बसलीय, मीही बसतोय. उद्या शेजाऱ्यांची मोठी शिडी मिळेल.