हिपॅटायटिस बी आन लग्न – मदत हवी आहे

नमस्कार, लातूरकडचा आहे. शिबिरात रक्तदान केलं तर ब्लड बँकेतून फोन आला, हिपॅटायटिस बी (लिव्हरचा व्हायरस) पॉझिटिव्ह, त्रास म्हणाल तर काहीच नाही. दिवाळीनंतर लग्न आहे आन घरचे म्हणायलेत पोरीकडं बोलू नको, पण मी तिला सांगणारच, लपवायची गोष्ट आहे का ही. डॉक्टर म्हणले शरीरसंबंधातून हा हिपॅटायटिस सी पेक्षा लई जास्त पसरतो, म्हणून तिनं लस घ्यावी, ०, १ आन ६ महिन्याला. मग अँटी-एचबीएस (लसीनं संरक्षण तयार झालं का ते सांगणारी रक्ताची टेस्ट) १० च्या वर येईस्तोवर कंडोम वापरला तर पुरतं का? लसीआधी जोडीदाराची एचबीएसएजी टेस्ट (आधीच लागण आहे का ते बघायची) तुमच्यापैकी कुणी केली होती का? आईनं तर माझं ताटच वेगळं केलंय, जेवणातून होत नाही हे तिला कसं पटवावं?