व्हेसॅलियस झाला, हार्वी झाला, तरी रक्त काढणं का थांबलं नाही?

शंकेखोर

प्रबोधनकाळातल्या वैद्यकात काय बदललं आणि काय तसंच राहिलं, यावर निबंध लिहायचा आहे. १५४३ मध्ये व्हेसॅलियसचा शरीररचनेवरचा ग्रंथ आला, १६२८ मध्ये हार्वीचा रक्ताभिसरणावरचा. रोमन काळातल्या ज्या ग्रीक वैद्याचा, गेलनचा, शब्द शतकानुशतकं प्रमाण मानला जाई, त्याच्या कितीतरी गोष्टी दोघांनी खोट्या ठरवल्या. मग रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त हा चार द्रवांचा हिशेब आणि त्यावर उभं असलेलं रक्तमोक्षण (उपचार म्हणून शीर उघडून रक्त काढणं) १९व्या शतकापर्यंत कसं टिकलं? 'लोक परंपरेला चिकटून बसले' हे उत्तर पटत नाही. ठोस कारणं हवी आहेत.

चिमटा_आणि_दोरा

न पटणंच बरोबर आहे. आधी व्हेसॅलियसने नेमकं काय दुरुस्त केलं ते बघा. खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकच हाड आहे. छातीच्या मधलं हाड सात नव्हे, तीन भागांचं आहे. मेंदूच्या तळाशी गेलनने सांगितलेलं रक्तवाहिन्यांचं जाळं माणसात सापडत नाही. गेलनने माकडं, डुकरं, बैल कापले होते, त्यामुळे या चुका झाल्या. आता समोर तापाने फणफणलेला रोगी आहे. जबडा एका हाडाचा आहे हे कळून वैद्य वेगळं काय करणार? रोग म्हणजे द्रवांचा बिघडलेला तोल. तो तोल कुठल्या हाडात नव्हताच, त्यामुळे हाडं मोजून तो सिद्धान्त पडणार नव्हता.

उलट नवी शरीररचना रक्तमोक्षणाच्या कामालाच जुंपली गेली. छातीच्या आवरणाला सूज येऊन बरगडीत कळा येतात, तेव्हा कुठल्या हाताची शीर उघडायची यावर तेव्हा जोरदार वाद होता. अरबी परंपरा मानणारे म्हणत, दुखऱ्या बाजूपासून लांबची. मूळ ग्रीक ग्रंथ वाचणारे म्हणत, त्याच बाजूची. १५३९ मध्ये व्हेसॅलियसने यावर एक पत्र छापलं. बरगड्यांकडून येणाऱ्या बहुतेक शिरा एका शिरेत मिळतात आणि ती हृदयाजवळ उजव्या बाजूने महाशिरेला जोडलेली असते, हे त्याने विच्छेदनात पाहिलं होतं. म्हणून उजव्या कोपरातली शीर उघडा, असा त्याचा निष्कर्ष. रक्त काढावं की नाही, हा प्रश्न त्या वादात कोणीच विचारत नव्हतं.

आणखी एक. निबंधात 'गेलनविरुद्ध बंड' असं सरधोपट लिहू नका. १५४१ मध्ये व्हेनिसला छापलेल्या गेलनच्या समग्र ग्रंथांच्या संपादनात व्हेसॅलियसचाही हात होता. स्वतः कापून बघा, हे गेलननेही सांगितलंच होतं.

उलटी_झडप

हार्वीच्या बाबतीत तर गंमत अशी की रक्त काढायची पद्धतच त्याचा पुरावा ठरली. दंडाला पट्टी करकचून आवळली की मनगटाची नाडी बंद पडते, हात गार होत जातो, पण शिरा फुगत नाहीत. तीच पट्टी जरा सैल केली, म्हणजे रक्त काढताना बांधतात तेवढी, की नाडी परत येते आणि पट्टीच्या खालच्या शिरा टरारून फुगतात. म्हणजे रक्त खोलवरच्या धमन्यांतून हातात उतरतं आणि वरवरच्या शिरांतून परत जाऊ बघतं. फुगलेल्या शिरेतलं रक्त बोटाने शिरेच्या आतल्या झडपेच्या पलीकडे, हाताच्या पंजाकडे ढकलायला गेलं तर सरकत नाही. या झडपा त्याचा पदुआमधला गुरू फॅब्रिशियस याने १६०३ मध्ये छापून दाखवल्या होत्या, पण त्यांचं काम त्याला नीट उमगलं नव्हतं.

मग आकडेमोड. हार्वीने मुद्दाम आकडे कमी धरले: हृदयाच्या एका ठोक्याला फक्त एक ड्रॅम रक्त, म्हणजे चारएक ग्रॅम, आणि अर्ध्या तासात फक्त हजार ठोके. तरी अर्ध्या तासात जवळपास चार किलो होतात, दिवसाला पावणेदोनशेच्या वर. एवढं रक्त गेलन म्हणे तसं खाल्लेल्या अन्नातून यकृत रोज नव्याने बनवतं हे अशक्य. तेच रक्त फिरतं आहे, याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. धमनीतून शिरेत ते कसं जातं हे मात्र त्याला दाखवता आलं नाही. केशवाहिन्या १६६१ मध्ये मॅल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या.

रक्त सगळीकडे फिरत असेल तर कुठली शीर उघडायची या वादातली हवाच निघून जाते. पण रक्त काढण्यातली नाही. स्वतः हार्वीनेही रक्तमोक्षण उपयोगाचं मानलंच. अंगातलं बिघडलेलं काहीतरी बाहेर पडतं, ही कल्पना अभिसरणातही बसत होती.

शंकेखोर

हे पटलं. शस्त्रक्रियेत तर बदल लगेच झाला ना? सोळाव्या शतकातल्या फ्रेंच शल्यक पारेचं उदाहरण सगळीकडे असतं.

चिमटा_आणि_दोरा

अर्धंच खरं. पारेच्या दोन गोष्टी वेगळ्या करा.

पहिली, गोळीची जखम. बंदुकीच्या दारूने जखम विषारी होते, म्हणून उकळतं तेल ओता, असं व्हिगो या इटालियन शल्यकाच्या पुस्तकात होतं. १५३७ मध्ये तुरिनजवळच्या मोहिमेत पारेकडचं तेल संपलं. त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचं मिश्रण लावलं. सकाळी पाहिलं तर तेलाने भाजलेल्यांना ताप, कळा, जखमेभोवती सूज. इतरांना दुखणं कमी, सूज जवळजवळ नाही, झोपही लागलेली. १५४५ मध्ये त्याने हे लिहिलं तेही फ्रेंचमध्ये, कारण शल्यकांना लॅटिन येत नसे. इथे जुनं सोडायला जास्तीचं काहीच लागत नव्हतं आणि फरक एका रात्रीत दिसत होता.

दुसरी, हातपाय कापल्यावर डागण्याऐवजी रक्तवाहिनी दोऱ्याने बांधणं. वाचायला सुंदर, करायला महाकठीण. कापलेली धमनी आखडून मांसात शिरते. ती चोचीसारख्या चिमट्याने ओढून बाहेर काढायची, मग बांधायची, आणि हे एकेका वाहिनीला. तोवर रक्त वाहतच असतं. मांडीला बांधायच्या वाहिन्या ढीगभर आणि आवळून धरायला भरवशाचं साधन नाही (पेती या फ्रेंच शल्यकाचा स्क्रूचा आवळपट्टा १७१८ चा). शिवाय दोरा निर्जंतुक नव्हता. त्याची टोकं बाहेर लोंबत ठेवायची आणि पू होऊन तो आपोआप सुटायची वाट बघायची. तो लवकर सुटला तर पुन्हा भळभळ. तापलेलं लोखंड त्यापेक्षा झटपट काम उरकायचं. त्यामुळे पुष्कळ शल्यक डागतच राहिले, आणि त्यांना अडाणी म्हणता येणार नाही.

चाळीस_दिवस

प्लेग विसरू नका. रगुसा (आजचं दुब्रोव्हनिक) या बंदराने १३७७ मध्येच बाहेरून येणाऱ्यांना ३० दिवस थोपवलं होतं, व्हेनिसने १४२३ मध्ये बेटावर कायमचं प्लेग-रुग्णालय काढलं. म्हणजे रोग वाईट हवेतून होतो हा सिद्धान्त जुनाच, व्यवस्था नवी. १५४६ मध्ये फ्राकास्तोरो या इटालियन वैद्याने संसर्गाची 'बीजं' मांडली, पण वाईट हवेची कल्पना शेजारी सुखाने नांदत राहिली. १६६५ च्या लंडनमध्ये दोन्ही एकत्र दिसतात: घराला ४० दिवस कुलूप, दारावर तांबडा क्रूस, आणि हवा शुद्ध व्हावी म्हणून रस्तोरस्ती शेकोट्या. कुत्री-मांजरं मारायचाही हुकूम होता.

उलटी_झडप

औषधांचं थोडक्यात: जुन्या वैद्यकाला नाकारून रासायनिक औषधांचा पुरस्कार करणाऱ्या पॅरासेल्ससने १५२७ मध्ये बाझेलला इब्न सिनाचा, तेव्हा वैद्यकात प्रमाण मानला जाणारा ग्रंथ जाळला, ही घटना प्रत्येक निबंधात असतेच. त्यापेक्षा लंडनच्या वैद्यांनी १६१८ मध्ये काढलेला औषधकोश बघा. पाऱ्याची नवी रसायनं आणि सापाच्या मांसाचं जुनं थेरियाक (विषावरचं मिश्र औषध), दोन्ही त्यात आहेत.

आणि रक्तमोक्षणाला खरा धक्का कुठून बसला ते शेवटी जरूर घ्या. तो शवविच्छेदनातून नाही, मोजणीतून बसला. पॅरिसच्या पिएर लुईने १८३५ मध्ये न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांचा हिशेब मांडला. पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेल्या ४१ पैकी १८ दगावले, नंतर काढलेल्या ३६ पैकी ९. मात्र रक्त अजिबात न काढलेल्या रोग्यांचा गट त्यात नाही. लुईनेही रक्त काढूच नका असं म्हटलं नाही. समजतात त्याहून त्याचा परिणाम फार कमी आहे, एवढंच म्हटलं.