ड्रम आम्हीच ठेवले, आणि का ठेवले तेही वाचा

प्लॉट ४२
काल कोणीतरी नागपुरातल्या आमच्या नंदनवन ले-आऊटच्या, म्हणजे वसाहतीच्या, आतल्या रस्त्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "ले-आऊटवाल्यांनी ड्रम आडवे लावले, रस्ता काय यांच्या मालकीचा आहे?" पन्नास जणांनी हो ला हो केलं. तर ऐका, ते ड्रम आम्हीच ठेवले. पाण्याने भरलेले दोन निळे ड्रम, मधून कार निघेल एवढी जागा सोडून. रस्ता बंद केलेला नाही.

कमाल चौक ते दिघोरी उड्डाणपुलाचं काम निघालं आणि उमरेड रोडच्या गाड्या गल्लीत शिरल्या. वळण रस्त्याचा बोर्ड मोठ्या रस्त्याकडे बाण दाखवतो, मोबाइल आमच्या फाटकाकडे. मागच्या मंगळवारी सासूबाई भाजीच्या ठेल्यापाशी उभ्या होत्या. एक पांढरी गाडी इतकी घासून गेली की आरशात पिशवीचा बंद अडकला. पिशवी फाटली, टमाटे नालीपर्यंत घरंगळले. त्या पडल्या नाहीत, पण तेव्हापासून एकट्या फाटकाबाहेर जात नाहीत. चाळीस वर्षं त्या ठेल्यावर भाजी घेणारी बाई! गाडी ताशी 30 ऐवजी 50 ने आली, तर धडकेतली ऊर्जा पावणेतीन पट होते. हे गाडी चालवणाऱ्याला कोण सांगणार?

रोजचा दिघोरीकर
फोटो मीच टाकला, आणि काढणार नाही. दिघोरीहून बर्डीला (सीताबर्डीला) वीस मिनिटांत पोचायचो, आता पाऊण तास लागून राहिला. मोठ्या रस्त्यावर धूळ, खड्डे, डोक्यावर क्रेन. आतून गेलो तर काय गुन्हा केला? कर मीही भरतो. आणि तुमच्या ड्रमवर रेडियमची पट्टी आहे का? परवा रात्री माझा भाचा धडकला, मनगटाला प्लास्टर आहे. सासूबाईंचं वाईट वाटलं ताई, पण त्याच्या मनगटाचा हिशेब कोणी द्यायचा?

मेडिकलची वाट
बाबांना छातीत दुखलं तेव्हा दिघोरीहून मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, आम्ही याच गल्ल्यांमधून आलो. त्या रात्री ड्रम असते तर? रस्ता अडवायचा अधिकार कोणालाच नाही.

सिमेंट रोडखालचं घर
मूळ दुखणं कोणी बोलूनच नाही राहिलं. डांबरी रस्ता होता तेव्हा तिसाच्या वर जायची कोणाची हिंमत नव्हती. कंत्राटदाराने जुना थर न खोदता वरून सिमेंट ओतलं, रस्ता झाला धावपट्टी. माझ्या घराला तीन पायऱ्या चढून जावं लागायचं, आता अंगणात एक पायरी उतरून जातो. पावसाळ्यात दाराला पोती लावून झोपतो.

अंबाझरीकर
सगळं पाणी सिमेंट रोडवर ढकलू नका. 23 सप्टेंबर 2023 ला मोरभवन बसस्थानकातल्या बसगाड्या बुडाल्या, त्या काय सिमेंटमुळे? अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला जागा उरलेली नव्हती. आमचा फ्रिज हॉलमध्ये तरंगत होता, मी डोळ्यांनी पाहिलं.

सिमेंट रोडखालचं घर
तुमचा पूर एका रात्रीचा, आमचा दर पावसाचा! नदी कुठं अन् माझं अंगण कुठं? रस्त्याचं पाणी नालीत जायच्या आधी माझ्या देवघरात येतं. आईच्या लग्नातला पाट भिजून उकलला. माझं दुखणं लहान ठरवायला तुम्ही कोण?

अंबाझरीकर
लहान म्हटलं नाही. कारण वेगळं आहे म्हटलं. पण हो, जुना थर न खोदता उंची वाढवली ही चूकच, एवढं मान्य.

प्लॉट ४२
पाण्याचं दुखणं खरं आहे, माझ्याही अंगणात येतं. पण आज प्रश्न गाड्यांचा आहे. सप्टेंबर 2022 ला सक्करदरा पुलावर भरधाव गाडीने एकाच घरातली चार माणसं नेली. पुलावर हे होतं, तर गल्लीत व्हायची वाट पाहायची का? तीन अर्ज दिले, पोचपावत्या कपाटात आहेत. मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली, मग बरीच वर्षं तक्रार घेऊन जायला नगरसेवकही नव्हता. म्हणून ड्रम आले.

बांधकामातला माणूस
ड्रम हटवा, ब्रेकर मागा, पण नीट. लोक रात्रीतून सिमेंटचा वीतभर उंच टेंगूळ करतात, त्याने पाठी मोडतात आणि गरोदर बायांचे हाल होतात. नियमातला ब्रेकर 3.7 मीटर रुंद, 10 सेंटीमीटर उंच असतो. त्यावरून पंचविसाने गाडी आरामात जाते, पन्नासाने आदळते. अॅम्ब्युलन्सही थांबत नाही. पांढरे पट्टे आणि आधी बोर्ड, दोन्ही हवेत.

मेडिकलची वाट
असा ब्रेकर असेल तर माझी हरकत नाही. ड्रमला आहे आणि राहील.

रोजचा दिघोरीकर
ब्रेकर होईपर्यंत मी काय करू? आतून येणं मी बंद करणार नाही, माझी नोकरी आहे. पण भाजीच्या वेळी, पाच ते सात, मोठ्या रस्त्याने जाईन. तुमच्या बोलण्याने नाही. माझी आईही रोज ठेल्यावरच भाजी घेते.

प्लॉट ४२
रेडियमची पट्टी आज संध्याकाळी आणून लावते, ती आधीच लावायला हवी होती. भाच्याचं प्लास्टर कधी निघणार? ड्रम मात्र ब्रेकर होईपर्यंत तिथेच.

रोजचा दिघोरीकर
तीन आठवड्यांनी. पट्टी लावली की फोटो टाका, मग मी माझा काढतो.