भत्ता तीन महिन्यांचा, पदवी तीन वर्षांची

दादा, कुपवाड एमआयडीसीतली नोकरी गेल्यावर भत्ता घेत बी.कॉम. करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. आधी कुठला पैसा ते नीट बघा. ईएसआयसीच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम मिळते, तीही जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच. गैरवर्तनामुळे काढलं असेल किंवा व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली असेल तर नाही. म्हणून कंपनीच्या कागदावर काढण्याचं कारण काय लिहिलंय ते आजच वाचा.

राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं वेगळं आहे. २०२४ च्या शासन निर्णयात बारावीला ६,०००, पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं, पण शिक्षण चालू असलेला उमेदवार त्यात बसत नाही. तिथे बी.कॉम.चा प्रवेश लपवू नका, पुढे फार त्रास होतो.

माझ्या भावानं साताऱ्यात नोकरी गेल्यावर मुक्त विद्यापीठात नाव घातलं. दिवसा मिळेल ते काम, रात्री पुस्तकं. घरी आई रोज विचारायची, फी कुठून भरणार? भरली, हप्त्याहप्त्यानं. तुम्ही प्रवेशाची मुदत मात्र चुकवू नका, वर्ष जातं.