मदत हवी आहे: छोट्या लाल ताऱ्याचा प्रकाश ८ टक्क्यांनी घटतोय. ग्रह की जोडतारा?

कर्जतफास्ट (धागाकर्ती)
एम.एस्सी.चा प्रोजेक्ट सोमवारी द्यायचा आहे आणि मी अडकलेय. टेसच्या (नासाची ग्रह शोधणारी अवकाश दुर्बीण) डेटात एका ताऱ्याचा प्रकाश दर १.९ दिवसांनी ८ टक्क्यांनी घटतो. लाइटकर्व्ह (वेळेनुसार प्रकाशाचा आलेख) १.९ दिवसांवर फोल्ड केला, म्हणजे दर १.९ दिवसांचे तुकडे एकावर एक ठेवले, तर प्रकाश घटल्याचे सगळे खड्डे एकावर एक बसतात. सरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, ग्रहाने फार तर एक-दीड टक्का प्रकाश अडतो, हा जोडतारा आहे, दोन तारे एकमेकांना झाकतायत, दुसरा तारा घे. तीन महिने यात गेलेत, आता दुसरा कुठून घेऊ? ग्रह ८ टक्के अडवू शकतो का, एवढंच सांगा. शक्यतो आजच. विकिपीडिया वाचून झालंय.

रात्रपाळी
ताऱ्याची त्रिज्या किती? तापमान? शेजारी दुसरा तारा आहे का? हे कळल्याशिवाय हो-नाही कसं सांगणार?

वांगणीकर_काका
मी १९९० पासून वांगणीला आकाश बघायला जातोय. संगणकावरच्या आलेखावर विसंबू नका. आठ इंची दुर्बिणीला कॅमेरा लावा, खड्ड्याच्या रात्री तीन-चार तास तारा टिपा, आपोआप कळेल.

पाचवा_मजला
काका, जुलै चालू आहे. वांगणीला आज छत्री उघडून उभं राहावं लागेल. आणि सोमवार चार दिवसांवर आलाय.

कर्जतफास्ट
त्रिज्येचा काय संबंध? तारा छोटा लाल आहे हे शीर्षकातच लिहिलंय. खड्डा ८ टक्के आहे, तो मोजलाय ना?

रात्रपाळी
सगळा संबंध त्रिज्येचाच आहे. खड्डा ग्रहाचा आकार सांगत नाही, ग्रह आणि तारा यांच्या तबकड्यांचं गुणोत्तर सांगतो. गुरूची त्रिज्या सूर्याच्या साधारण दहावा भाग. त्याचा वर्ग शंभरावा भाग, म्हणून सूर्यासमोरून गुरू गेला तर १ टक्का. तुमच्या सरांचा एक-दीड टक्का इथून आला, आणि सूर्यासारख्या ताऱ्यासाठी तो बरोबरच आहे. पण तारा सूर्याच्या ०.४ पट असेल तर तोच गुरू सहा-सात टक्के प्रकाश अडवतो. कल्पना नाही ही. शुभम कनोडिया आणि सहकाऱ्यांचा २०२३चा शोधनिबंध काढा, टीओआय-५२०५ बी. ग्रह गुरूएवढा, खड्डा जवळजवळ ७ टक्के. २०२५ मध्ये टीओआय-६८९४ बी जाहीर झाला. सूर्याच्या पाचव्या हिश्शाएवढ्या वस्तुमानाचा तारा, त्याभोवती शनीपेक्षा किंचित मोठा ग्रह. तो ताऱ्याचा साधारण सहावा-सातवा हिस्सा प्रकाश झाकतो.

धूमकेतू_दादर
हे सगळे अपवाद. मोठा ग्रह व्हायला आधी पृथ्वीच्या दहापट वस्तुमानाचा गाभा जमावा लागतो, मग तो वायू ओढतो. छोट्या नव्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या तबकडीत माल कमी, आणि तिथे सगळं हळू चालतं. तबकडी काही दशलक्ष वर्षांत विरून जाते. गाभा तयार होईपर्यंत वायूच उरत नाही. सर बरोबर आहेत.

नीलकंठ_७
गाभ्याचा मार्ग एकच मार्ग नाही. जीजे ३५१२ बी बघा, २०१९. वस्तुमानाने तारा सूर्याच्या आठव्या हिश्शाएवढा, ग्रह गुरूच्या निदान निम्म्याच्या आसपास. शोधणाऱ्यांनीच लिहिलं की तबकडी स्वतःच्या गुरुत्वाने तुटून थेट ग्रह झाला असावा.

धूमकेतू_दादर
त्यासाठी तबकडी फार जड लागते. तेवढ्या जड तबकड्या छोट्या ताऱ्यांभोवती किती दिसल्यात?

नीलकंठ_७
आपण बघतो तोवर तबकडीचं वय झालेलं असतं. सुरुवातीला ती किती जड होती हे त्यावरून ठरत नाही. आणि धुळीच्या मोठ्या कणांचं वस्तुमान मोजमापातून निसटतं.

आईची_चांदणी
माझ्या मुलाला (वय ९) दुर्बीण घ्यायची आहे. वरळीच्या तारांगणात जाऊन आल्यापासून मागे लागलाय. या लाल ताऱ्यांचे ग्रह तिच्यातून दिसतील का?

पाचवा_मजला
ताई, ग्रह नाही दिसणार. लाल बटू तारे आपल्या आकाशगंगेत सर्वांत जास्त, पण नुसत्या डोळ्यांना त्यातला एकही दिसत नाही. सगळ्यात जवळचा प्रॉक्सिमासुद्धा नाही. मुलाला आधी द्विनेत्री द्या, चंद्र आणि कृत्तिका बघू दे.

कर्जतफास्ट
दुर्बिणीसाठी वेगळा धागा काढाल का, प्लीज. @रात्रपाळी, त्रिज्या सूर्याच्या ०.३८, तापमान ३४०० केल्विन, टेसच्या मोजमापात प्रत १३.८ (आकडा जितका मोठा तितका तारा मंद).

रात्रपाळी
हे पहिल्याच प्रतिसादात हवं होतं. ०.०८ चं वर्गमूळ ०.२८, गुणिले ०.३८, म्हणजे सूर्याच्या ०.१०७. गुरूच्या १.०५ पट. पण थांबा. तपकिरी बटू (ग्रहाहून जड, पण तारा न झालेल्या वस्तू) आणि सर्वांत छोटे तारेसुद्धा जवळपास गुरूएवढेच असतात. एकाआड एक खड्डे कमी-जास्त खोल आहेत का? दोन खड्ड्यांच्या बरोब्बर मध्ये छोटा खड्डा आहे का? असेल तर सर जिंकले.

कर्जतफास्ट
आत्ता तपासलं. सम-विषम सारखे. मध्ये काही नाही. मग ग्रह ना?

सह्याद्री_२.५
वस्तुमान मोजल्याशिवाय नाही. माउंट अबूला अडीच मीटरची दुर्बीण आहे, तिथे वर्णपट घेता येईल. ताऱ्याचं डगमगणं त्यातून कळतं, आणि त्यावरून वस्तुमान.

रात्रपाळी
तिथला वर्णपटलेखक दृश्य प्रकाशात चालतो आणि त्याला तेजस्वी तारे लागतात. हा तारा मंद आणि लाल. अशांसाठी टेक्सासच्या १० मीटरच्या दुर्बिणीवर अवरक्त वर्णपटलेखक आहे. सोमवारपर्यंत दोन्हीतलं काही होणार नाही. शेजाऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही. टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा (१ आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) असतो, त्यात शेजारच्या ताऱ्याचा प्रकाशही मिसळतो. गाया या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या ताऱ्यांच्या यादीत बघा.

कर्जतफास्ट
एक आहे. १४ आर्कसेकंदांवर. आपल्या ताऱ्याच्या ४० टक्के प्रकाशाचा. लाइटकर्व्ह मी स्वतः पिक्सेल बेरीज करून काढलाय, दुरुस्ती केलेली नाही. हे महत्त्वाचं असेल असं वाटलं नव्हतं.

रात्रपाळी
यावर सगळं ठरेल. दोघांचा प्रकाश मिळून १.४. खड्डा तुमच्या ताऱ्याचा असेल तर खरा खड्डा ८ नव्हे, ११.२ टक्के, आणि वस्तू गुरूच्या सव्वापट. शेजाऱ्याचा असेल तर त्याचा प्रकाश २८ टक्क्यांनी घटतोय, तो बहुधा जोडतारा. खड्ड्याबाहेरच्या सरासरी चित्रातून खड्ड्यातलं चित्र वजा करा. जो उजेड उरतो, तो कोणत्या ताऱ्यावर बसतो ते बघा.

धूमकेतू_दादर
२८ टक्के निघणार. मी सांगितलं होतं.

कर्जतफास्ट
रात्री दोनपर्यंत बसून केलं. उरलेल्या उजेडाचा मध्य आपल्या ताऱ्यापासून ३ आर्कसेकंदांवर, शेजाऱ्यापासून ११. सहा खड्ड्यांपैकी पाचांत असंच. सरांना हे आणि ५२०५चा निबंध दाखवला. त्यांनी दोन्ही नीट वाचलं आणि म्हणाले, शीर्षकात 'ग्रह' नको, 'उमेदवार' लिही, आणि सहाव्या खड्ड्याचं चित्रही जोड. जोडलंय. सगळ्यांचे खूप आभार.

वांगणीकर_काका
१४ आर्कसेकंद म्हणजे माझ्या आठ इंचीत कॅमेऱ्यावर दोघे सुटे दिसतील. खड्डा कुणाचा, ते त्यावरून पक्कं होईल. तारा कोणत्या राशीत?

कर्जतफास्ट
सिंह.

वांगणीकर_काका
मग फेब्रुवारी उत्तम. पण १.९ च्या पुढचे आकडे लागतील. तोवर शंभराच्या वर फेऱ्या होतील, आकडा कच्चा राहिला तर खड्डा दिवसा येऊन जाईल आणि आपण रात्रभर थंडीत बसून राहू.

कर्जतफास्ट
एका सेक्टरमधून (टेस आकाशाचा एक पट्टा सलग बघते तो काळ) १.९०४ येतोय, त्यापुढचं डळमळतं. दोन वर्षांनंतरचा आणखी एक सेक्टर उपलब्ध आहे, तो जोडून काढते. सोमवार संपला की लगेच.