२६-० वरून आयोवाच्या डिफेन्सची किंमत ठरवायची का?

आयोवाकर (धागाकर्ता)

२ डिसेंबर २०२३, इंडियानापोलिस, अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या बिग टेन लीगची फायनल. मिशिगन २६, आयोवा ०. त्यानंतर कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की आम्हाला हमखास ऐकवलं जातं, "तुमच्या डिफेन्सचं कौतुक पुरे झालं, खरी टीम समोर आली तर २६ बसले."

मला हे अजिबात पटत नाही, आणि का ते नीट मांडतो.

मिशिगनचे टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) दोनच, म्हणजे जादा किकसह १४ पॉइंट. पहिल्याच्या आधी सेमाज मॉर्गनने आमचा पंट (चेंडू सोडून देताना पायाने लांब मारलेली किक) ८७ यार्ड परत आणला, म्हणजे आमचा डिफेन्स मैदानात उतरला तेव्हा चेंडू आमच्याच ५ यार्डावर होता. दुसऱ्या वेळी आमच्या क्वार्टरबॅकच्या (पास टाकणाऱ्याच्या) हातातून चेंडू सुटला, तो ६ यार्डावर. दोन टचडाऊनसाठी मिशिगनच्या ऑफेन्सने कापलेलं अंतर सगळं मिळून ११ यार्ड. उरलेले १२ पॉइंट चार फील्ड गोलचे. जी टीम पुढे राष्ट्रीय विजेती झाली, तिला संपूर्ण सामन्यात २१३ यार्ड मिळाले. स्कोअरबोर्डवर मात्र २६, आणि स्कोरिंग डिफेन्सच्या अधिकृत यादीतही २६च.

त्याच वर्षीचा पेन स्टेटचा सामना घ्या, ३१-०. पेन स्टेटने ९७ प्ले (चेंडू पुढे न्यायच्या चाली) खेळले, आम्ही ३३. आमच्या ऑफेन्सने अख्ख्या रात्रीत ७६ यार्ड काढले आणि चार वेळा चेंडू गमावला. ९७ प्लेमध्ये ३९७ यार्ड म्हणजे दर प्लेला साधारण ४.१. त्या वेळचं पेन स्टेट आणि तिथलं ते गच्च भरलेलं, पांढऱ्या कपड्यांतलं स्टेडियम लक्षात घेतलं तर हा आकडा वाईट कसा म्हणायचा? तीन तिमाही सलग उभ्या असलेल्या पोरांचे पाय चौथीत जड होणारच.

दर सामन्याचे पॉइंट आणि यार्ड हा डिफेन्सचा हिशेब नाहीच, तो सबंध टीमचा आहे. ड्राइव्ह (चेंडू हातात असतानाची सलग चढाई) कुठून सुरू झाला, किती प्ले अडवायचे होते आणि त्यातले किती अडवले, यावर डिफेन्स तोला.

---

थर्डडाऊन

आयोवाकर, मिशिगनचे ११ यार्ड बरोब्बर मोजलेत. मग दुसरी बाजूही तितक्याच काटेकोरपणे मोजा.

तुमचा पंटर टोरी टेलरने त्या सीझनमध्ये ९३ पंट मारले, ४४७९ यार्ड. एका सीझनमधला राष्ट्रीय विक्रम, आणि मोडला तो थेट १९३८ चा. त्याचा पंट ८-१० यार्डाच्या आसपास कोपऱ्यात जाऊन थांबायचा आणि समोरच्या टीमला ९० यार्ड चालावं लागायचं. कॉलेजच्या ऑफेन्सकडून इतक्या लांबच्या ड्राइव्हमध्ये कुठेतरी एक पेनल्टी नाहीतर एक सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसह मागेच पाडणं) होतोच, मग चेंडू परत. ते पॉइंट वाचवले कोणी? तुमच्या हिशेबात डिफेन्सने, माझ्या हिशेबात अर्धे तरी पंटरने. छोट्या मैदानाची सूट घ्यायची असेल तर लांब मैदानाचा फायदाही कापून द्या.

दुसरं म्हणजे प्रतिस्पर्धी. आयोवाने १४ सामन्यांत २०७ पॉइंट दिले, सरासरी १४.८. त्यातले पेन स्टेट, मिशिगन आणि टेनेसीविरुद्ध ३१, २६ आणि ३५, म्हणजे तीन सामन्यांत ९२. उरलेल्या ११ सामन्यांत ११५. त्या ११ जणांत नॉर्थवेस्टर्न, नेब्रास्का, इलिनॉय, रटगर्स, वेस्टर्न मिशिगन. बिग टेनच्या वेस्ट विभागातल्या त्या वर्षीच्या ऑफेन्सबद्दल आणखी काय बोलायचं? तगडी टीम आली की तीनही वेळा २५ च्या वर गेले. याला योगायोग म्हणता येणार नाही.

---

बॅटनरूजकर

मी एलएसयूवाली (लुइझियाना स्टेट), त्यामुळे फसव्या आकड्यांशी जुनी ओळख आहे.

२०१८ ला टेक्सस ए अँड एमने आम्हाला ७४-७२ हरवलं, सात ओव्हरटाइममध्ये. नियमित वेळ संपली तेव्हा ३१-३१ होतं. कॉलेजच्या ओव्हरटाइममध्ये चेंडू थेट २५ यार्डावर ठेवतात, तिथून फील्ड गोल तर जवळपास हातातच असतो. त्या एका रात्रीचे ४३ जादा पॉइंट आमच्या डिफेन्सच्या नावावर बसले. १३ सामन्यांच्या सीझनमध्ये सरासरी तीनच्या वर सरकली. पुढच्या वर्षीपासून पाचव्या ओव्हरटाइमपासून नुसते दोन पॉइंटचे प्ले असा नियम आला, आता तर तिसऱ्यापासूनच. त्यामुळे २०१८ चा आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवणंच चूक.

पण हीच सवलत २०१९ ला मी माझ्या टीमला देत नाही. ओल मिसला आम्ही ५८-३७ हरवलं तेव्हा त्यांनी ६१४ यार्ड काढले, ४०० च्या वर नुसते धावून. एकट्या जॉन राइस प्लमलीचे २१२ यार्ड आणि चार टचडाऊन. आमच्याकडचे लोक तेव्हाही म्हणत होते की सामना हातात होता, पोरं सैल पडली. सैल पडल्यावर ५० यार्ड देतात, ६१४ नाही. लाइनबॅकर (डिफेन्सच्या पहिल्या फळीमागचे) आत धावत होते आणि क्वार्टरबॅक बाहेरून निघून जात होता, पुन्हा पुन्हा तेच. परिस्थितीची कारणं द्या, पण नावडता सामना वगळायला त्यांचा वापर करू नका.

आता गंमत बघा, त्याच डिफेन्सने दोन आठवड्यांनी टेक्सस ए अँड एमला ७ वर आणि मग आमच्या एसईसी लीगच्या फायनलला जॉर्जियाला १० वर रोखलं. माणसं तीच, कोऑर्डिनेटर डेव्ह अरांडाही तोच. सीझनची सरासरी यातलं काहीच सांगत नाही. डिफेन्स नोव्हेंबरच्या मध्यात कसा होता आणि डिसेंबरमध्ये कसा झाला, हे वेगवेगळं बघावं लागतं.

---

आयोवाकर

थर्डडाऊन, टेलरचा वाटा कापा, माझी तयारी आहे. म्हणून तर मी दर प्लेच्या हिशेबावर येतो. सक्सेस रेट घ्या. ऑफेन्सला १० यार्डांसाठी चार डाऊन, म्हणजे चार प्रयत्न, असतात: पहिल्या डाऊनला लागणाऱ्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले तरच तो प्ले ऑफेन्सचा धरायचा. चेंडू ८ यार्डावर असो की ४० वर, पहिल्या डाऊनला पाच हवेत ते पाचच. टेलरचा पंट इथे फारसा मदतीला येत नाही.

टेनेसीच्या ३५ मधला एक टचडाऊन जेम्स पीअर्सने आमचा पास पकडून ५२ यार्ड पळत केला. आमचा डिफेन्स तेव्हा बाकावर बसलेला होता. आणि मिशिगन, टेनेसी दोन्ही सामन्यांना कूपर डीजीन नव्हता, नोव्हेंबरमध्ये सरावात पाय मोडला होता. नुसता कॉर्नर (कडेचे पास अडवणारा) नाही, पंट परत आणणाराही तोच. इतका मोठा माणूस गेल्यावरही मिशिगनला २१३ यार्ड.

आमच्या डिफेन्सचा कोऑर्डिनेटर फिल पार्करला त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला, तो काही सरासरी बघून कोणी दिला नसेल. त्याचे सेफ्टी (सर्वात मागचे बचावपटू) मागे राहतात, समोर छोटा पास पडू देतात आणि पकडणाऱ्याला जागेवर पाडतात. दुसऱ्या डाऊनला ४ यार्ड दिल्यासारखं दिसतं, पण तिसऱ्याला समोरच्याला अजून ३ हवे असतात आणि तिथे सगळे पुढे येतात. यार्डाच्या यादीत मात्र फक्त ते दिलेले ४ यार्ड दिसतात.

---

कोलंबसचा पाहुणा

इतकी कारणं देऊन जो चांगला ठरवावा लागतो तो डिफेन्स "चांगला" असेल, "थोर" नाही.

२०११ चं अलाबामा आठवा. पॉइंट, एकूण यार्ड, धावेचे यार्ड, पासचे यार्ड, चारही याद्यांत देशात पहिले. सामन्याला ८.२ पॉइंट आणि १८४ च्या आत यार्ड. नोव्हेंबरमध्ये ते एलएसयूकडून ओव्हरटाइममध्ये ९-६ हरले आणि जानेवारीत त्याच एलएसयूला २१-० ने गप्प केलं. एलएसयूला ९२ यार्ड मिळाले, अर्ध्या मैदानापलीकडे ते एकदाच गेले. तिथे कुणाला सक्सेस रेट काढून दाखवावा लागला नाही.

क्रिकेटमध्ये आपण म्हणतो ना, फलंदाज दीडशेत गुंडाळले तरी खरा गोलंदाज विकेट काढतोच. तसंच इथे.

---

आयोवाकर

पाहुणे, दीडशेत गुंडाळलेल्या टीमचा गोलंदाज पाच विकेट काढूनही हरतो, आणि नंतर कोणी म्हणत नाही की त्याची गोलंदाजी वाईट होती. मी नेमकं तेवढंच मागतोय.

अलाबामाकडे चेंडू घेऊन धावणारा ट्रेंट रिचर्डसन होता, चेंडू हातात ठेवून घड्याळ चालवणारा ऑफेन्स होता. आमच्याकडे सीझनभर सरासरी १५.४ पॉइंट, यार्डांत देशात तळाला. ऑफेन्स कोऑर्डिनेटरच्या करारात सरासरी २५ पॉइंटची अट घालावी लागली होती, आणि त्यातही डिफेन्सने केलेले टचडाऊन मोजायचे होते! तिकडचा आणि इकडचा डिफेन्स एकाच यादीत ठेवून "आपोआप दिसतं" म्हणणं मला मान्य नाही.

---

नवा प्रेक्षक

मी अजून शिकतोय, एक शंका आहे. धावेचे यार्ड बघून डिफेन्सची फळी कशी आहे ते कळतं का?

---

बॅटनरूजकर

जपून. कॉलेजमध्ये सॅकचे गेलेले यार्ड धावेतून वजा होतात, एनएफएलमध्ये पासमधून. समजा समोरच्याने २५ वेळा धावून १२५ यार्ड काढले आणि क्वार्टरबॅक पाच वेळा पडून ४० गेले. कागदावर ३० धावांत ८५ दिसतील. धाव थांबवली असं वाटेल, प्रत्यक्षात दर वेळी ५ यार्ड दिलेत.

टॅकलचंही तसंच. आयोवाच्या जे हिगिन्सने २०२३ ला १७१ टॅकल केले. खेळाडू उत्तम आहे, पण ज्याचा डिफेन्स सारखाच मैदानात असतो त्याला टॅकलची संधीही जास्त मिळते. उलट २०२१ च्या जॉर्जियाचा जॉर्डन डेव्हिस टॅकलच्या यादीत कुठेच वर नव्हता, तरी आउटलँड आणि बेडनारिक दोन्ही पुरस्कार त्याला मिळाले. मधोमध उभा राहून तो दोन-दोन ब्लॉकर अडवायचा आणि मागचा नकोबी डीन मोकळा पळायचा. पुढच्या सामन्यात चेंडूकडे बघू नका, नोज टॅकलवर (डिफेन्सच्या फळीत मधोमध उभा असतो त्याच्यावर) किती जण लागलेत ते बघा.

---

आयोवाकर

थर्डडाऊन, शेवटी एक सामना तुमच्यासाठी. २४ नोव्हेंबर २०२३, लिंकन. १०-१०, शेवटचे काही सेकंद, चेंडू नेब्रास्काकडे. एथन हर्केटने, एका डिफेन्सिव्ह एंडने (फळीच्या टोकाला खेळणाऱ्याने), त्यांचा पास पकडला. मग एक धाव आणि ३८ यार्डांचा फील्ड गोल, १३-१०. सरासरीत हा सामना फक्त "१० दिले" एवढाच आहे. जिंकून कोणी दिला?

---

थर्डडाऊन

तो पास मी थेट पाहिला होता, हर्केटचं श्रेय त्यालाच. पण समोर नेब्रास्का होती, त्या सीझनला चेंडू गमावण्यात देशातल्या सर्वात वाईट टीमपैकी एक. जवळजवळ प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला त्यांनी चेंडू दिले. मिशिगनचे ११ यार्ड मोजताना जी बारकाई दाखवलीत, ती इथे लावा आणि मग सांगा, त्या पासमध्ये आयोवाचा डिफेन्स किती आणि नेब्रास्काचा क्वार्टरबॅक किती.