करार संपला, सामान पुण्यातच अडकलं: भाडं कधीपर्यंत लागू?

गोदाकाठ (१४ जून २०२०)
कोथरूडमधला वन बीएचके. ११ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, १ जुलै २०१९ ते ३१ मे २०२०. भाडं १६,०००, डिपॉझिट ५०,०००. घर सोडतोय हे मालकांना ३० एप्रिललाच ईमेलने कळवलं होतं. लॉकडाउनमुळे मार्चपासून मी नांदेडला आहे आणि प्रवासाच्या परवानगीचा ई-पास मिळालेला नाही. सामान आत, किल्ली माझ्याकडे, मेपर्यंतचं भाडं चुकतं केलेलं. मालक म्हणतात, जूनचं पूर्ण भाडं द्या आणि जुलै उजाडला तर कायद्याप्रमाणे दुप्पट. मी तिथे राहतच नाही, तरी भाडं लागतं का? आणि हे दुप्पट खरं आहे का?

ताबापावती
तुम्ही राहता की नाही याला महत्त्व नाही, ताबा कोणाकडे आहे ते बघतात. किल्ली तुमच्याकडे आणि सामान आत, म्हणजे ताबा तुमचाच. मालकांना ते घर दुसऱ्या कुणाला देता येत नाही, त्यामुळे १ जूनपासूनचे पैसे द्यावे लागतील.

१७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने काढलेल्या सूचनेचा लोक चुकीचा अर्थ लावतात. भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि थकबाकीपायी कुणाला घराबाहेर काढू नका, एवढंच तिच्यात आहे. भाडं माफ झालेलं नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही २१ मे रोजी खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात, लॉकडाउन आहे म्हणून भाडं स्थगित करायला नकार दिला. फक्त भरायला थोडी मुदत दिली.

आता दुप्पट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम २४ शब्द न् शब्द वाचा. मुदत संपल्यावर ताबा न देता, सक्षम प्राधिकारी (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) बाहेर काढेपर्यंत जो आत राहतो, त्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. तुम्ही ताबा द्यायला तयार आहात आणि तसं लेखी आहे. ‘कायदा आहे’ एवढं म्हणून मालकांना डिपॉझिटमधून दुप्पट कापून घेता येणार नाही. मात्र उशीर झाल्यास रोजचा दंड असं वेगळं कलम तुमच्या करारात आहे का, ते आजच तपासा. बऱ्याच छापील मसुद्यांत ते असतं.

शिवाय भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम ६३ प्रमाणे लायसन्स, म्हणजे घर वापरायची परवानगी, संपल्यावर निघायला आणि सामान न्यायला वाजवी वेळ मिळतो. तो वेळ फुकट मिळतो, असं मात्र समजू नका.

किल्लीवाला
वरचं सगळं बरोबर, पण तुमचा खरा खर्च दिवसांत मोजला जातोय. १६,००० भागिले ३०, म्हणजे दिवसाला ५३३ रुपये ३३ पैसे. २० जूनला ताबा दिलात तर १०,६६७. तेव्हा पासची वाट बघत बसू नका. घर तुमच्याशिवायही रिकामं होतं.

आज मालकांना ईमेल करा: ‘करार ३१ मे रोजी संपला आहे. ताबा देण्यास मी तयार आहे. १ जूनपासून प्रत्यक्ष ताब्याच्या दिवसापर्यंत जुन्याच दराने, दिवसांच्या हिशोबाने रक्कम देईन. हे कराराचं नूतनीकरण नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. नाहीतर उद्या ‘अजून ११ महिने ठरले होते’ असा वाद उभा राहू शकतो.

मग पुण्यातल्या विश्वासू माणसाच्या नावे सहीचं अधिकारपत्र द्या. त्यात सामान हलवणं, किल्ली देणं आणि ताबापावती घेणं या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहा, सोबत दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडा. टेम्पो आणि हमाल आत येण्यासाठी सोसायटीच्या सचिवांची परवानगी आधी घ्या. ही मेलवर असलेली बरी, कारण ऐनवेळी वॉचमन गेटवर गाडी अडवतो. इमारत कोरोनामुळे प्रतिबंधित केलेल्या क्षेत्रात असेल तर तेही मालकांना लेखी कळवा. तो उशीर तुमच्या हातातला नाही हे नोंदलेलं राहील.

फ्रिज मार्चपासून बंद पडून असेल तर आत बुरशी धरलेली असणार. पुसून, दार उघडं ठेवून पूर्ण कोरडा करा आणि उभाच न्या. भरलेला सिलिंडर टेम्पोत चढवू नका.

गोदाकाठ
किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून मालकांना फोन केला तर चालेल?

ताबापावती
नाही. किल्ली मालकांच्या किंवा त्यांनी लेखी नेमलेल्या माणसाच्याच हातात पडायला हवी, नाहीतर ताबा नक्की कोणत्या दिवशी दिला यावरच भांडण होतं. व्हिडिओ कॉल चालू ठेवून मित्राकडून वेगळं चित्रीकरण करून घ्या, मध्ये न थांबवता: आधी खाली वीजमीटरचा क्रमांक आणि आकडा, मग प्रत्येक खोली, नळ, पंखे, गिझर, आणि शेवटी किल्ली हातात देताना. मीटरचा आकडा विसरू नका. मार्चअखेरपासून रीडिंग बंद होतं आणि सरासरी बिलं गेली आहेत, त्यामुळे बंद घरालाही युनिट लागलेली दिसतील. महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून फोटोसह रीडिंग पाठवता येतं. कनेक्शन मालकांच्या नावावर असल्यास ते त्यांच्याकडून करून घ्या.

मालक किल्ली घ्यायलाच नाही म्हणाले, तर त्याच दिवशी ‘घर रिकामं आहे, किल्ली द्यायला माणूस आला होता, आपण घेतली नाही’ असं वेळेसकट मेल करा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा. पुढच्या दिवसांचे पैसे नाकारायला तोच आधार.

किल्लीवाला
हिशोबाचं एक राहिलं. ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ असं मोघम लिहू नका. आकडे टाका: ५०,००० वजा १०,६६७ वजा मीटरप्रमाणे वीज, बाकी या खात्यावर अमुक तारखेपर्यंत. रंगकामाचे पैसे करारात लिहिलेले असतील तरच धरा.